तात्यासाहेब फी घेत नाहीत

दफेदाराने खाणं सोडलं त्या सकाळी शालिनीताईंना पहिल्यांदा जे वाटलं ते, खरं सांगायचं तर, समाधानच होतं. दफेदार म्हणजे ससा. पांढरा, लाल डोळ्यांचा आणि दिसायला अगदी गरीब. या गरिबाने चार वर्षांत त्यांची तुळस कितीदा तरी मुळापर्यंत फस्त केली होती, लग्नातल्या शालूचा काठ कुरतडला होता आणि एकदा सत्यनारायणाच्या पूजेचे केळीचे खांब कथा सुरू व्हायच्या आतच आडवे केले होते. म्हणून गाजर तसंच पडलेलं पाहून त्या मनात म्हणाल्या, बरं झालं, एक दिवस उपास घडला तर काही बिघडत नाही. दुपारी मेथीची जुडीही तशीच राहिली, तेव्हा मात्र त्यांना काळजी लागली. ती सशाची नव्हती, नवऱ्याची होती.

संभाजीराव पिसाळ ग्वाल्हेरच्या फौजेत रिसालदार होते. म्हणजे फौज होती तोवर होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं राज्य झालं, फौज हिंदुस्थानच्या सैन्यात गेली आणि तिथल्या साहेबांनी एकेकाला समोर उभं करून पारखलं. संभाजीरावांना सांगण्यात आलं की तुमचं वय झालं आणि घोड्यांचं काम आता राहिलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. घोड्यांचा लिलाव झाला. बरेचसे शहराच्या लष्कर भागातल्या टांगेवाल्यांनीच घेतले. एके दिवशी संभाजीराव भाजी आणायला महाराज बाड्याच्या चौकात गेले, तर त्यांच्या रिसाल्यातली एक घोडी मारवाड्याचं कुटुंब आणि त्याच्या ट्रंका ओढत होती. घोडीने त्यांना ओळखलं आणि ती रस्त्यात थांबली. टांगेवाल्याने चाबूक मारला. संभाजीराव भाजी न घेता घरी आले, बाहेरच्या खोलीत खाटेवर पडले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

ते तोंड पुढे किती तरी महिने भिंतीकडेच होतं. जेवायला उठत, आंघोळीला उठत, आणि पुन्हा भिंत. शालिनीताईंनी नवस केले, माहेरची माणसं आणून बसवली, बिर्लानगरच्या मिलमध्ये फाटकावर अंमलदाराची जागा आहे असंही कुणाकडून तरी काढून आणलं. ते म्हणाले, सुताचे गठ्ठे मोजायला माझी काय गरज आहे. भिंतीकडे बघूनच म्हणाले. त्या दिवसांत शालिनीताईंना रोज सकाळी त्या खोलीत चहा घेऊन जायची भीती वाटायची. माणूस झोपलाय की कसं, ते आधी उंबऱ्यात उभं राहून बघावं लागायचं.

मग मुरारच्या छावणीतला एक ओळखीचा मेजर बदली होऊन निघाला आणि त्याने जाता जाता हा ससा त्यांच्या दारात ठेवला. शालिनीताई त्याला शेजारी देऊन टाकणार होत्या. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना एक ओळखीचा आवाज आला. खर्र, खर्र. खुंटीवरचा खरारा काढून संभाजीराव अंगणात उकिडवे बसले होते आणि घोडा साफ करावा तसे सशाला साफ करत होते. हात हलका होता, पण पद्धत तीच: आधी मान, मग पाठ, मग पोट. खरारा झाल्यावर दाणा, दाण्यानंतर पाणी, पाण्यानंतर फेरफटका. आठवड्यात सशाला दफेदाराचा हुद्दा मिळाला. संभाजीराव दाढी करू लागले, कारण दाढी न केलेला रिसालदार पागेत जात नाही. पागा म्हणजे मोरीशेजारचा लाकडी खोका.

तेव्हापासून शालिनीताईंनी दफेदाराशी तह केला. माया त्यांनी कधी लावली नाही. पण त्याने काहीही खाल्लं तरी त्या बोलत नसत.

आणि आता तो काहीच खात नव्हता. हनुवटी ओली, डावा गाल फुगलेला, डोळे अर्धे मिटलेले. संभाजीराव खोक्यापाशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. तिसऱ्या दिवशी भरदुपारी ते उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि खाटेवर पडले. शालिनीताईंनी दारातून पाहिलं. तोंड भिंतीकडे होतं.

त्याबरोबर त्यांनी जाहीर केलं की डॉक्टरला दाखवायचं. कंपूच्या रस्त्यावर सरकारी जनावरांचा दवाखाना आहे, टांगा बोलवा आणि चला. संभाजीराव भिंतीलाच म्हणाले की तिथे भाड्याची खेचरं आणि बकऱ्या रांगेत उभ्या असतात, दफेदार त्या रांगेत उभा राहणार नाही. मग बऱ्याच वेळाने वळले आणि म्हणाले, "तात्यासाहेबांना बोलावू. ते फी घेत नाहीत."

शालिनीताईंना वाटलं, चला, माणूस वळला तर खरा, आणि खर्चही वाचला. या दुसऱ्या समजुतीइतकी महाग समजूत त्यांनी जन्मात कधी करून घेतली नव्हती.

तात्यासाहेब रेठरेकर पागेचे सलोतरी, म्हणजे घोड्यांचे डॉक्टर. दरबारच्या चाकरीत तीस वर्षं काढलेली. पागा मोडली तसे तेही घरी बसले होते. त्यांना आणायचं म्हणजे टांगा पाठवणं आलं, आणि तोही येण्याजाण्याचा, आणि ते रोगी बघत असेपर्यंत दारात उभा राहणारा. घरी येणारा माणूस फी घेत नाही, म्हणजे त्याला नुसतं पाठवता येत नाही. बैठक घालावी लागली, लोडांचे अभ्रे धुवावे लागले, अत्तरदाणी भरावी लागली. तात्यासाहेब ब्राह्मण, आणि जुन्या वळणाचे. पिसाळांच्या घरचं शिजवलेलं त्यांना चालत नसे. याचा अर्थ पोहे-शिऱ्यावर भागलं नाही. सुका मेवा आणि हलवायाकडचे पेढे आणावे लागले. निघताना नारळ. नारळ नुसता हातात द्यायची रीत पिसाळांच्या घरात नव्हती, म्हणून त्याच्याबरोबर चांदीची वाटी. शालिनीताईंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांना कळलं की फी घेणारा डॉक्टर याच्या पावपटीत येऊन गेला असता.

पण तात्यासाहेब आले तेव्हा संभाजीरावांनी दाढी केली होती. हे मात्र शालिनीताईंना कबूल करावंच लागलं.

तात्यासाहेबांचा कोट जुना होता, पण इस्त्री कडक. हातात चामड्याची पेटी. अंगणात आले, कोटाची बटणं सोडली, गुडघ्यावर बसले आणि दफेदाराची तपासणी त्यांनी जशी आयुष्यभर केली तशीच केली. पाठीवरून हात फिरवला. पोटाला कान लावला. मग पुढचा पाय उचलून, पंजा उलटा करून, बारकाईने पाहिला. संभाजीराव बाजूला अदबीने उभे होते. शेवटी तात्यासाहेबांनी निदान सांगितलं की पोटशूळ आहे. उपाय ठरलेला: अळशीचं पाणी, हिंग-ओव्याची मात्रा, पाठीवर गरम कापड आणि मुख्य म्हणजे रोग्याला बसू द्यायचं नाही, फिरवायचं.

घोड्याच्या पोटात दुखलं की त्याला फिरवतात, हे शालिनीताईंनाही ठाऊक होतं. बसला तर आतडं पिळतं म्हणतात. तर मग ग्वाल्हेरच्या फौजेचे माजी रिसालदार रोज सकाळ-संध्याकाळ सुती दोरी हातात धरून अंगणात गोल फिरू लागले. दोरीच्या टोकाला ससा. ससा दोन उड्या मारी आणि बसे. रिसालदार थांबत, जिभेने टचटच करत, आणि पुन्हा कदम चाल सुरू होई. शेजारची दुर्गा गच्चीवरून वाळवण काढता काढता हे बघे आणि तोंडात पदर कोंबून खाली जाई. शालिनीताईंना हसू येत नसे. नवऱ्याचा चेहरा त्यांना समोरून दिसत असे.

गुण येईना; दफेदार नुसत्या अळशीच्या पाण्यावर तग धरून होता. म्हणून तात्यासाहेब पुन्हा आले आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा येत राहिले. प्रत्येक खेपेला टांगा, बदाम-पिस्ते, नारळ. वाटी झाली, एका खेपेला शेला झाला, मग तबक. एका खेपेला तात्यासाहेबांचे दोन जुने सोबती सहज बरोबर आले, कारण पागेतला रोगी बऱ्याच वर्षांनी मिळाला होता. त्यांनाही नारळ द्यावा लागला. औषधं मात्र तात्यासाहेब स्वतःच्या पेटीतून काढून देत. केशर, कस्तुरीची मात्रा, चमचाभर ब्रँडी. संभाजीराव पैशाचं काही बोलू पाहत, तर तात्यासाहेब हात वर करून म्हणत की हा पागेचा माल आहे, रिसालदारांकडून मी त्याचे पैसे घेऊ? आणि संभाजीराव भारावून शालिनीताईंकडे बघत. त्या बघण्याचा अर्थ असे की आता वाटीवर भागायचं नाही.

सरकारी दवाखान्याचं नाव शालिनीताईंनी आणखी एकदा काढून पाहिलं. संभाजीराव इतके दचकले की जणू त्यांनी घटस्फोटाची गोष्ट काढली. तात्यासाहेबांचा इलाज चालू असताना रोगी दुसऱ्याकडे? त्यांना काय वाटेल? दफेदाराचा गाल आता लिंबाएवढा झाला होता. पण तात्यासाहेबांना काय वाटेल हा प्रश्न मोठा होता, आणि शालिनीताईसुद्धा त्याच घरात नांदलेल्या असल्यामुळे त्यांनी विषय तिथेच सोडला.

असं करता करता त्यांच्या हातातला एक गोठ सराफ्यात गेला. दुसराही जायची वेळ आली, तेव्हा त्या दुपारी एकट्या निघाल्या. शहरात त्या दिवसांत एकच गोष्ट चालली होती. मध्यभारतही आता मोडणार, नवं मोठं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार. कचेऱ्यांसमोर ट्रक उभे होते. त्यात कपाटं चढत होती, टेबलं चढत होती, आणि कारकून आपापल्या खुर्चीला चिठ्ठ्या चिकटवत होते. शालिनीताईंना त्याचं काही वाटलं नाही. एकदा घरातलं राज्य गेलं की बाहेरचं कितीदा गेलं हे माणूस मोजत बसत नाही.

सराफ्यातल्या लालाजींच्या दुकानात बायकांसाठी आत पडद्यामागे जागा होती. तिथे आधीच एक बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि मांडीवरचं गाठोडं सोडत होत्या. गाठोडं एका शेल्याचं होतं. मोरपंखी, बारीक जरीचा. शालिनीताईंनी तो शेला ओळखला, कारण त्यांनीच तो निवडला होता. शेल्यातून वाटी निघाली, तबक निघालं. लालाजींनी दोन्ही तराजूत टाकलं. ही भांडी त्यांनीच विकलेली होती, आणि आता तीच कमी भावाने परत घेताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

"विजयाबाई," शालिनीताई म्हणाल्या.

तात्यासाहेबांच्या पत्नी वळल्या. आधी त्यांनी शेला झाकायचा प्रयत्न केला. मग शालिनीताईंच्या हातातला गोठ त्यांना दिसला आणि त्यांचे हात तसेच थांबले. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कोण आधी हसलं ते पुढे दोघींनाही सांगता आलं नाही, पण इतक्या हसल्या की लालाजींना वाटलं बायांना काही झालं, आणि त्यांनी पाणी मागवलं.

पाणी पिऊन झाल्यावर विजयाबाईंनी सगळं सांगितलं. पागेच्या दवाखान्याला कुलूप लागून वर्षं लोटली होती. पागेचा माल म्हणून जे काही येत होतं ते छत्री बाजारातल्या दुकानातून येत होतं, रोख. केशर रोख, कस्तुरी रोख, आणि ब्रँडीसाठी तर तात्यासाहेब मफलर गुंडाळून गेले होते. त्यांनी जन्मात कधी ससा तपासला नव्हता. संस्थानात ससे होते, पण ते मेजवानीच्या ताटातच दिसत. जुने घोड्यांचे ग्रंथ काढून रोज वाचत बसत, आणि पुस्तक मिटून म्हणत की रिसालदारांनी आठवण काढली, आता नाही कसं म्हणू. आणि एवढ्यावर थांबलं नव्हतं. मागच्या आठवड्यात ते कंपूच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. टांग्याच्या घोड्यांकडे बघायचं निमित्त करून तिथल्या तरुण डॉक्टरला त्यांनी विचारलं की समजा, एखादा ससा असेल आणि त्याचा गाल सुजला असेल, तर. डॉक्टर म्हणाला, दात असतील, लवकर घेऊन या.

"मग सांगितलं का नाही?" शालिनीताईंचं हसू गेलं होतं.

"म्हणाले, मी हात वर केले तर रिसालदारांचा अपमान होईल. त्यांनी इतक्या मानाने बोलावलं." विजयाबाईंनी शेल्याची घडी घातली. "दोन रात्री झोपले नाहीत हो ते, शालिनीताई."

लालाजी तोवर वाटी पुसून काचेच्या कपाटात ठेवत होते. शालिनीताईंनी गोठ परत हातात घातला आणि त्या निघाल्या.

घरी आल्या तेव्हा संध्याकाळची फेरी चालू होती. दफेदार आता चालत नव्हता. संभाजीराव त्याला उचलून छातीशी धरून अंगणात फिरत होते, आणि दोरी नुसतीच लोंबत होती. शालिनीताईंनी चपला काढायच्या आधी सगळं सांगून टाकलं. वाटी, तबक, छत्री बाजार, दवाखाना, दात. संभाजीराव थांबले. त्यांना धक्का बसेल असं शालिनीताईंना वाटलं होतं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच. त्यांनी त्याचा पाय उचलून खूर बघितला."

 शालिनीताईंनी विचारलं की ठाऊक होतं तर इतके दिवस काय करत होतात.

"त्यांना इतक्या वर्षांत कोणी बोलावलं नव्हतं हो. तुम्ही त्यांचा कोट बघितलात? काय सांगू मी त्यांना, वापस जा म्हणून? मला सांगितलं होतं तसं?"

आता शालिनीताईंचा जीव इतका जळला की त्या सगळं बोलून गेल्या. "मला या सशाची काडीइतकी माया नाही. त्याने माझी तुळस खाल्ली, शालू खाल्ला. पण हा गेला की तुम्ही पुन्हा त्या खाटेवर जाल आणि भिंतीकडे तोंड कराल, आणि या खेपेला उठणार नाही. मला त्याची भीती वाटते. रोज वाटते."

संभाजीरावांनी दफेदाराला दुसऱ्या हातावर घेतलं. "मलाही वाटते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा आला. आणि टांगा दवाखान्याकडे न जाता तात्यासाहेबांच्या घराकडे निघाला, कारण त्यांच्या कानावर घातल्याशिवाय जाणं बरं दिसलं नसतं. दारात माणूस आल्यावर तात्यासाहेबांनी बसा म्हणणं आलं. बसल्यावर कॉफी आली. संभाजीरावांनी विषय काढला तो अशा आडवळणाने की आपलं निदान अचूकच आहे, फक्त दुसरं एक मत, तरुण मुलगा आहे, त्यालाही शिकायला मिळेल. तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं, पण तेही म्हणाले की वा, अवश्य, मीही हेच सुचवणार होतो. मग दोघांनी जुन्या एका घोड्याच्या पोटशुळाची आठवण काढली. दफेदार टोपलीत धापा टाकत होता. शेवटी विजयाबाईंनी अर्ध्या भरलेल्या कपबश्या उचलल्या, शालिनीताईंनी टोपली उचलली, आणि पुरुष नाइलाजाने टांग्यात बसले.

दवाखान्यातही आवराआवर चालली होती. डॉ. मधुसूदन टोकेकर, लष्कर भागातल्याच एका उपाध्यायांचा मुलगा, बदलीचा हुकूम खिशात घेऊन गवताने भरलेल्या पेट्यांमध्ये उभा होता. ससा पाहिल्यावर त्याने काही न बोलता एक पेटी फोडली आणि हत्यारं परत बाहेर काढली. दफेदाराचं तोंड उघडून आत बॅटरीचा उजेड टाकला. मागची दाढ वाढून गालात शिरली होती आणि आत सगळा पू झाला होता. पोटात काहीच नव्हतं. काही जातच नव्हतं तर असणार काय.

"काका, ये तो पंधरा दिवसांचं दिसतंय," तो म्हणाला. "हफ्ताभर आधी आणलं असतं तो बच जाता. अब देखते हैं. कोणी तरी डोकं नीट धरायला हवं."

 तात्यासाहेबांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि पुढे झाले. त्यांनी दोन्ही हातांत दफेदाराचं डोकं धरलं, अंगठे कानांच्या मुळाशी, आणि हात असे स्थिर ठेवले की सशाची धडपड थांबली. डॉक्टर दाढ कापत होता, पू काढत होता, आणि मधे एकदा न बघताच म्हणाला की काका, आपका हाथ बहुत अच्छा है. तात्यासाहेबांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

सरकारी फी चार आणे होती. संभाजीरावांनी ती दिली. एवढ्याशा पैशांसाठी खिशात गेलेला त्यांचा हात आधी बराच वेळ तिथेच राहिला होता.

दफेदार दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. संभाजीरावांच्या मांडीवर, शांतपणे गेला. जायच्या आधी त्याने कोथिंबिरीचं एक पान चावायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे शालिनीताईंना थोडी आशा वाटली होती. संभाजीरावांनी पेरूच्या झाडाखाली स्वतः खड्डा खणला. माती लोटली, हात धुतले, आत गेले आणि खाटेवर पडले. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी अंगणातून कसलाही आवाज आला नाही. शालिनीताई चहा घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. तोंड भिंतीकडे होतं. त्यांनी हाक मारली, तर उत्तर आलं नाही. कप खाटेशेजारी ठेवून त्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

दहाच्या सुमारास कडी वाजली. दारात तात्यासाहेब उभे होते. घामेजलेले, बुटांवर धूळ, हातात पेटी. टांगा कोणी पाठवला नव्हता म्हणून चालत आले होते. त्यांनी विचारलं की रोग्याचं कसं आहे, जखम धुवायची असेल, औषध आणलं आहे.

शालिनीताईंनी सांगितलं की काल दुपारी गेला.

तात्यासाहेबांनी पेटी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मग मी निघतो. रोगी नाही तिथे माझं काय काम." आणि खरंच वळले.

त्यांना जाऊ दिलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. टांगे, पिस्ते, नारळ, सगळं. शालिनीताईंच्या मनात हे आलं नाही असं नाही. उरलेला गोठ मनगटावर होता. त्यांनी बाहेरच्या खोलीकडे तोंड केलं आणि आवाज चढवून म्हणाल्या, "अहो, तात्यासाहेब आलेत. पायी आलेत."

आत काहीच झालं नाही. मग खाट करकरली. संभाजीराव बाहेर आले, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं लावत. तात्यासाहेबांच्या बुटांवरची धूळ त्यांनी पाहिली आणि ते एकदम बायकोवर तडकले.

"पायी? टांगा पाठवायचं कोणाला सुचलं नाही? आणि यांना दारात काय उभं केलंय?"

फौज होती तेव्हा शालिनीताईंनी हे ऐकून घेतलं नसतं. आता त्यांनी मुकाट्याने बैठकीवरचे लोड सरळ केले. संभाजीरावांनी तात्यासाहेबांचा हात धरून त्यांना आत आणलं, पेटी स्वतः उतरवून ठेवली, आणि दाढी करून आलोच, असं सांगून मोरीकडे गेले. थोड्या वेळाने तांब्याचा आणि पाण्याचा आवाज आला.

तात्यासाहेब लोडाला न टेकता अवघडून बसले होते. शालिनीताईंनी पेढ्यांचा डबा उघडला, पाहिला, आणि खालचे दोन वर घेऊन बशीत ठेवले.

"उद्या किती वाजता टांगा पाठवू?" त्यांनी विचारलं.

"उद्या?" तात्यासाहेब म्हणाले. "पण आता रोगी कुठे आहे?"

शालिनीताईंनी मोरीकडे मान केली. "आहे," त्या हळू म्हणाल्या. "दाढी करतोय."

तात्यासाहेबांनी ऐकलं. मग त्यांनी एक पेढा उचलला, लोडाला टेकले आणि म्हणाले, "नऊला पाठवा."